कोनाच्या उतारावर कॉफी: मुळापासून वाळवणीपर्यंतचा क्रम

हवाई बेटाच्या पश्चिम अंगाला, हुआलालाई आणि मौना लोआ या ज्वालामुखींच्या उतारावर, कोना नावाचा कॉफीचा चिंचोळा पट्टा आहे. उंची समुद्रसपाटीपासून साधारण १५० ते ९०० मीटर. तिथे लहान बाग लावणारे बहुतेक जण चुकतात ते कामाच्या क्रमात. रोप लावून झाल्यावर मुळांतल्या सूत्रकृमीची आठवण होते, फळाला भोक दिसल्यावर फवारणीची, आणि तोडणी अंगणात येऊन पडल्यावर वाळवणीच्या ओट्याची. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि आधीचा टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका.

टप्पा १: जागा आणि पाणी

कोनाचा अक्षांश आपल्या पालघरच्या आसपास, म्हणजे १९.५ उत्तर. विषुववृत्तापासून इतकं दूर असल्यामुळे तिथे ५००–६०० मीटरवरही अरेबिका कॉफीला लागणारा गारवा मिळतो. कोलंबिया किंवा केनियातले उंचीचे आकडे इथे लावू नका. दुसरी गोष्ट ढगांची. सकाळी ऊन आणि दुपारनंतर उतारावर जमणारे ढग हा इथला रोजचा नेम, आणि पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात. हिवाळा कोरडा. ढग सावलीचं काम करतात, त्यामुळे ४५० मीटरच्या वर दाट सावलीची झाडं लावली की फळ कमी येतं आणि पानं जास्त वेळ ओली राहतात. त्याखाली मात्र विरळ सावली ठेवा. नाहीतर झाडावर झेपणार नाही इतकं फळ लागतं आणि फांद्या टोकाकडून वाळत येतात.

जमीन तरुण लाव्ह्याची आहे. सह्याद्रीचा आणि इथला खडक एकाच जातीचा, बेसाल्ट. पण सह्याद्रीतल्या खडकाला माती व्हायला कोट्यवधी वर्षं मिळाली, इथल्या कित्येक प्रवाहांना काही शतकंच. खडबडीत, सुट्या दगडांच्या लाव्ह्याला ‘आआ’ म्हणतात आणि गुळगुळीत सलग थराला ‘पाहोएहोए’. आआ यंत्राने फोडून त्यात माती भरता येते. पाहोएहोए फोडल्याशिवाय मूळ खाली जातच नाही.

*तपासणी:* निवडलेल्या जागी पाच-सहा ठिकाणी ६० सेंटिमीटर खोल खड्डे घ्या आणि पाण्याने भरा. पाणी तासाभरात उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात साचलेलं दिसलं, तर खाली सलग थर आहे. तिथे खडक फोडा, नाहीतर ती जागा सोडा.

पाण्याची सोयही आत्ताच बघा. अनेक बागा छतावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर चालतात. रोपांना पहिले दोन हिवाळे पाणी द्यावं लागतं, आणि तोडणीनंतर बी धुवायला स्वच्छ पाणी लागतं. टाकी या दोन्ही गरजांना पुरेल एवढी हवी.

टप्पा २: माती परीक्षण, लागवडीच्या सहा महिने आधी

कॉफीला ५.५ ते ६.५ सामू (पीएच) मानवतो. नमुना प्रत्येक वेगळ्या लाव्हा-तुकड्यातून स्वतंत्र घ्या, सगळी माती एकत्र कालवू नका. शेजारशेजारचे दोन प्रवाह वेगवेगळ्या काळातले असू शकतात आणि त्यांची मातीही वेगळी निघते. सामू कमी आला तर चुना किंवा डोलोमाइट आत्ता टाका. तो मातीत मुरायला महिने लागतात, म्हणून लागवडीच्या दिवशी खड्ड्यात टाकलेला चुना त्या वर्षी फारसा उपयोगी पडत नाही.

याच वेळी मातीचा आणि जुन्या मुळांचा नमुना सूत्रकृमीसाठीही पाठवा. कोनात मेलॉयडोगायनी कोनाएन्सिस नावाचा, मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी आहे. तो असलेल्या जमिनीत टिपिकाचं (कोनात लावतात ती अरेबिकाची जात) साधं रोप दोन-तीन वर्षं बरं दिसतं, मग पिवळं पडतं, आणि कितीही खत दिलं तरी उभं राहत नाही. झाड लावून झाल्यावर यावर भरवशाचा उपाय नाही. उपाय फक्त लागवडीआधी करता येतो: ‘फुकुनागा’ या लायबेरिका (कॉफीची वेगळी प्रजाती) गटातल्या खुंटावर टिपिकाचं कलम.

टप्पा ३: रोपं

बी घ्यायचं ते निरोगी, जोमदार झाडाच्या मधल्या फांद्यांवरच्या पूर्ण पिकलेल्या फळांचं. साल काढा, आंबवून धुवा, सावलीत वाळवा. पाण्यात तरंगणारं बी आणि फळात एकटंच वाढलेलं गोल बी बाजूला काढा. कॉफीचं बी फार टिकत नाही. तीन-चार महिन्यांनंतर उगवण झपाट्याने घटते, तेव्हा जुनं बी फुकट मिळालं तरी घेऊ नका.

बी वाळूच्या वाफ्यात सपाट बाजू खाली करून, एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरा. साधारण ४५ ते ६० दिवसांत दांडा वर येतो आणि टोकावर बीचं टरफल टोपीसारखं राहतं. फुकुनागाच्या खुंटावर टिपिकाचं पाचर कलम याच अवस्थेत करतात. दांडे आगकाडीएवढे बारीक असतात, त्यामुळे पातं धारदार आणि निर्जंतुक हवं, आणि कलमानंतर दोन-तीन आठवडे दमट, झाकलेली जागा हवी.

पिशवीत रोप लावताना सर्वात मोठी चूक होते: सोटमूळ वाकतं. बोटाने रोप खाली ढकललं की मूळ इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखं वळतं. वर काहीच कळत नाही. चौथ्या वर्षी भरघोस फळ आल्यावर झाड कोलमडतं किंवा सुकतं. आधी काडीने खोल भोक करा, मूळ सरळ सोडा, रोप जरा वर ओढून मग माती दाबा. मूळ फार लांब असेल तर टोक दोन सेंटिमीटर छाटा, वाकवू मात्र नका.

*इशारा:* बाहेरून आणलेलं प्रत्येक रोप बागेत नेण्याआधी लहान आगमुंगीसाठी तपासा. काडीला शेंगदाण्याचं लोणी अगदी पातळ लावून कुंडीत तासभर ठेवा. बारीक नारिंगी मुंग्या जमल्या तर काडी पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा, ओळख पटवून घ्या आणि ती रोपं परत करा. ही मुंगी बागेत शिरली की तोडणीला माणूस मिळत नाही, कारण झाड हलवलं की ती अंगावर पडते आणि चावते. रोपं एका बेटावरून दुसऱ्यावर नेण्यालाही निर्बंध आहेत. राज्याच्या कृषी विभागाला विचारल्याशिवाय वाहतूक करू नका.

टप्पा ४: लागवड

सहा ते आठ पानजोड्यांचं, ३० ते ४५ सेंटिमीटर उंच रोप लावण्याजोगं झालं. पिशव्या आधी तीन-चार आठवडे हळूहळू उन्हाला सरावू द्या. लागवड उन्हाळी पावसाच्या सुरुवातीला, एप्रिल ते जूनमध्ये करा.

अंतर ८ बाय ८ फूट धरलं तर एकरी ६८० झाडं बसतात, ओळींत १० फूट आणि झाडांत ६ फूट धरलं तर ७२६. मी दुसरं अंतर निवडेन. छाटणी ओळीने करायची आहे, फवारणीचा पंप घेऊन ओळीतून चालायचं आहे, आणि तांबेरा (पानांवरचा बुरशीचा रोग) टाळायला हवा खेळती लागते. ओळी उताराला आडव्या, समपातळीत ठेवा. कोकणात आंब्यासाठी जांभ्यात खड्डा घेतात तसा इथे घेता येईलच असं नाही. खडकात जिथे फट मिळेल तिथे दोन फूट इकडेतिकडे सरका. सरळ रेषेपेक्षा मुळाला मिळणारी खोली महत्त्वाची.

रोपाची मान जमिनीच्या पातळीवर किंवा बोटभर वर ठेवा. आच्छादन जाड टाका, पण खोडापासून वितभर लांब.

टप्पा ५: खत

पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी झाडामागे ३० ते ६० ग्रॅम समतोल मिश्र खत पुरतं. फळ धरल्यावर पालाशाची गरज वाढते. कोनात फळावरच्या झाडांना १०-५-२० (नत्र-स्फुरद-पालाश) सारखं मिश्रण तीन-चार हप्त्यांत देतात. मात्रा दरवर्षी पान-परीक्षणावरून ठरवा. त्यासाठी फांदीच्या टोकाकडून तिसरी किंवा चौथी पानजोडी घ्या आणि नेहमी तीच जोडी घ्या, नाहीतर दोन वर्षांचे आकडे जुळवता येत नाहीत. कोरड्या मातीत खत टाकू नका.

टप्पा ६: छाटणी

कॉफीचं झाड मागच्या हंगामात वाढलेल्या फांदीवर फळतं आणि त्याच जागी पुन्हा फळत नाही. हे ध्यानात घेऊन छाटणी करा.

कोनात दोन पद्धती चालतात. जुन्या पद्धतीत एका झाडावर वेगवेगळ्या वयाचे तीन-चार उभे दांडे ठेवतात आणि दरवर्षी सर्वात जुना काढतात. दुसरी बोमाँट-फुकुनागा पद्धत: चार-चार ओळींचे गट पाडायचे आणि दरवर्षी गटातली एक पूर्ण ओळ ४५ ते ६० सेंटिमीटरवर खुंटासारखी कापायची, १, ३, २, ४ या क्रमाने. नव्याने बाग करणाऱ्याने दुसरी पद्धत घ्यावी. पहिलीला कुशल हात लागतो आणि प्रत्येक झाडापाशी निर्णय घ्यावा लागतो. शिवाय कापलेल्या ओळीत त्या वर्षी फळ नसतं, म्हणजे तिथे फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला (टप्पा ८) घर नसतं.

छाटणी तोडणी संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. काप तिरका ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. दोन-तीन महिन्यांत खुंटावर वीसेक धुमारे येतात. ते वितभर झाले की खोडाच्या चारी बाजूंना विभागलेले तीन किंवा चार ठेवून बाकी हाताने मोडा. ‘आणखी दोन राहू दे’ म्हणून ठेवले तर पुढच्या वर्षी झाडाच्या पोटात काळोख होतो, आणि तांबेरा तिथूनच सुरू होतो.

टप्पा ७: फुलोऱ्याची वही

कोरड्या हिवाळ्यानंतर चांगला पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत बाग पांढरी होते. असं जानेवारी ते मे दरम्यान अनेकदा घडतं. प्रत्येक मोठ्या फुलोऱ्याची तारीख आणि तुकडा लिहून ठेवा. इथून पुढची सगळी कामं या तारखेवरून मोजायची आहेत: दोन महिन्यांनी भुंगेऱ्याची पाहणी, सात-आठ महिन्यांनी तोडणी, उंचावर त्याहून थोडी उशिरा. ही वही नसेल तर फवारणी अंदाजाने होते, आणि ती वाया जाते.

टप्पा ८: फळ पोखरणारा भुंगेरा

२०१० मध्ये कोनात हा भुंगेरा सापडला आणि तेव्हापासून बागेचं सगळं वेळापत्रक त्याच्याभोवती फिरतं. मादी तिळाहूनही लहान असते. ती फळाच्या बेंबीतून भोक पाडते. आतलं बी अजून पाणचट असेल तर ती सालीच्या आतच थांबते, बी घट्ट झाल्यावर आत शिरून अंडी घालते. तिची संतती आतच जन्मते आणि आतच जोडी जमवते. बाहेर पडणारी प्रत्येक मादी थेट नव्या फळाकडे जायला तयार असते.

बिव्हेरिया बॅसियाना या मित्रबुरशीची फवारणी भुंगेरा भोकाच्या तोंडाशी असेपर्यंतच लागू पडते. बीमध्ये शिरल्यावर फवारा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून भोकं मोजून थांबू नका, फळं कापून बघा.

*पाहणी:* बागेत नागमोडी चालत ३० झाडं निवडा. प्रत्येकावर छातीच्या उंचीची, ४०–५० हिरवी फळं असलेली एक फांदी धरा. एकूण फळं मोजा, भोक पडलेली मोजा, आणि भोकाची काही फळं ब्लेडने कापा. बहुतेक भुंगेरे तोंडाशी आणि जिवंत असतील तर त्याच आठवड्यात फवारा. बहुतेक आत शिरले असतील तर वेळ गेली आहे. पुढच्या फुलोऱ्याची फळं वाचवायच्या मागे लागा आणि ही फळं पिकताच आधी तोडा. बहुतेक पांढऱ्या बुरशीने मेलेले दिसले तर फवारणी थोडी थांबवा. पाहणी दर दोन ते चार आठवड्यांनी करा.

बुरशी जिवंत आहे, तिला तसंच वागवा. डबा थंड जागी ठेवा. ऊन तिला मारतं, म्हणून दुपार कलल्यावर, ढगाळ हवेत फवारा. जोराच्या पावसाआधी नको. फवारा पानांवर उडवण्यापेक्षा फळांच्या घोसांवर हवा.

तरीही फवारणी हा दुसरा उपाय. पहिला म्हणजे शेवटच्या तोडणीनंतर झाड पूर्ण रिकामं करणं. हिरवी, पिकलेली, काळी पडून वाळलेली, सगळी फळं ओरबाडून काढा आणि जमिनीवरची गोळा करा. वाळलेल्या एका फळात कित्येक माद्या पुढच्या हंगामाची वाट बघत असतात. काढलेला माल काळ्या प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत उन्हात तापवा किंवा खोल पुरा. उघड्या ढिगावर टाकला तर भुंगेरे उडून बागेत परत येतात. कुंपणापलीकडची रानटी कॉफीची झाडंही याच कामात धरा. ओरबाडणी न करता वर्षभर फवारणारे बागायतदार पैसे घालवतात आणि भुंगेराही पोसतात, हे पाहून खरोखर वाईट वाटतं.

टप्पा ९: तांबेरा

हवाईत तांबेरा २०२० मध्ये आला आणि टिपिका त्याला सहज बळी पडते. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसते. पान गळलं की चालू फळ अर्धवट पिकतं आणि पुढच्या वर्षीची फांदीही वाढत नाही. ताम्रयुक्त बुरशीनाशक रोगाआधी, फुलोऱ्यानंतर पावसाळा सुरू होताना, पानांच्या खालच्या बाजूला बसेल असं फवारा. अर्धी बाग नारिंगी झाल्यावर तांबं फारसं काही करू शकत नाही.

*इशारा:* तांबं आणि बिव्हेरिया एका टाकीत कधीही मिसळू नका. ताम्रयुक्त औषध बुरशी मारायचंच आहे, ते मित्रबुरशीलाही सोडत नाही. दोन फवारण्यांत काही दिवसांचं अंतर ठेवा आणि पंप धुवून घ्या.

टप्पा १०: तोडणी

ऑगस्ट ते जानेवारीत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पाच-सहा फेऱ्या होतात. फळ सर्व बाजूंनी लाल हवं, देठाकडेही. दोन बोटांत दाबलं की बी सहज बाहेर निसटलं पाहिजे. हिरव्या फळाचं बी तुरट चव देतं, अतिपिकलेलं आंबूस. या दोन्ही चवी भाजणीत झाकता येत नाहीत.

तोडणाऱ्याला फक्त वजनावर मजुरी दिली की टोपलीत हिरवं येतंच. दर थोडा वाढवा आणि टोपली ओतून बघा. शंभर फळांत दोन-तीनहून जास्त हिरवी नकोत. फळं पोत्यात कोंडून उन्हात ठेवू नका. पोतं तासाभरात आतून गरम होतं.

टप्पा ११: साल काढणं आणि आंबवणं

त्याच दिवशी, शक्यतो आठ तासांच्या आत. आधी फळं पाण्यात सोडा. तरंगणारी पोकळ किंवा किडकी असतात, ती वेगळी काढून वेगळीच विका किंवा नष्ट करा.

यंत्रातून पहिला पसाभर माल काढून थांबा आणि १०० बिया तपासा. दोनहून जास्त चिरलेल्या असतील तर फट वाढवा. अख्खी फळं तशीच बाहेर येत असतील तर कमी करा. यंत्र रोज रात्री धुवा. कोपऱ्यात राहिलेली एक सडकी बी दुसऱ्या दिवशीच्या मालाला वास लावते.

बीभोवतीचा चिकट थर टाकीत आंबून सुटतो. खालच्या, उबदार बागेत १२ तासांच्या आसपास, उंचावर १८ ते २४. घड्याळावर विसंबू नका. मूठभर बी पाण्यात धुऊन चोळा. बुळबुळीतपणा गेला आणि ओल्या खड्यांसारखा खरखर आवाज आला की टाकी लगेच रिकामी करा आणि धुवा. व्हिनेगरसारखा वास यायला लागला असेल तर उशीर झाला आहे. तो माल वेगळा ठेवा, चांगल्यात मिसळून झाकू नका.

टप्पा १२: वाळवणी

कोनात यासाठी ‘होशिदाना’ वापरतात, म्हणजे रुळांवर सरकणारं छप्पर असलेला लाकडी ओटा. दुपारच्या पावसाची सर आली की मिनिटभरात छप्पर ओढता येतं. तोडणीच्या एक महिना आधी छप्पर ओढून बघा आणि गळती बुजवा.

पहिल्या दिवशी थर दोन-तीन सेंटिमीटरचाच ठेवा, नंतर चार-पाच. दर अर्ध्या-एक तासाने दाताळ्याने हलवा. टरफल तडकून उघडं पडायला लागलं तर ऊन फार लागतंय, थर वाढवा किंवा दुपारी झाका. यंत्रात वाळवत असाल तर बीचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. उघड्यावर एक ते दोन आठवडे लागतात.

*तपासणी:* ओलावामापक असावाच. त्याच्या जोडीला धुतलेली १० किलो ओली बी जाळीच्या ट्रेमध्ये त्याच ओट्यावर ठेवा. ओली बी निम्म्याहून थोडी जास्त पाण्याची असते, म्हणून ती साधारण सव्वापाच-साडेपाच किलोवर आली की ११ टक्क्यांच्या जवळ पोहोचली. हवाईच्या नियमानुसार बीचा ओलावा ९ ते १२ टक्के लागतो. अर्धी वाळलेली बी पुन्हा भिजली तर ती डागाळते आणि बुरशी धरते, तिला मूळ दर्जा परत येत नाही.

टप्पा १३: साठवण

टरफलासकट साठवा, हवाबंद अस्तराच्या पोत्यात, जमिनीपासून उंच, गार आणि कोरड्या खोलीत. महिना-दोन महिने मुरू द्या. टरफल विक्रीच्या तोंडावरच काढा. सहा ते सात किलो फळांमागे एक किलो हिरवी बी मिळायला हवी. आठ-नऊ किलो लागत असतील तर भुंगेऱ्याने पोखरलेली किंवा पोकळ बी भरपूर आहे, आणि टप्पा ८ मधली ओरबाडणी अपुरी झाली आहे.

प्रतवारीला पाठवण्याआधी स्वतः ३०० ग्रॅम नमुना काढा आणि दोष मोजा. ‘एक्स्ट्रा फॅन्सी’ या प्रतीसाठी १९ नंबरची (१९/६४ इंच भोकांची) चाळणी आणि जास्तीत जास्त ८ पूर्ण दोष, ‘फॅन्सी’साठी १८ नंबर आणि १२ दोष. प्रत्येक तुकड्याचा आणि प्रत्येक तोडणीचा माल वेगळ्या पोत्यात ठेवा, आणि पोत्यावर फुलोऱ्याच्या वहीतली तारीख लिहा.